लाल टिंबवाला

बसव्वानं मराठीत स्वतःहून वाचलेला पहिला शब्द 'खून'. इतरांचं शिक्षण कमळ, बदक, गवत असं सुरू होतं आणि मग ती माणसं जन्मभर शहाण्यासारखी वागतात. हिचं सुरू झालं खुनापासून, आणि एकसष्टावं लागलं तरी बाई शहाणी व्हायला तयार नाही. ज्याला हे खपत नसेल त्यानं खुशाल आपल्या वाटेनं जावं. गोष्ट तिचीच आहे.

बसव्वा अक्कलकोटच्या पलीकडची. घरात कानडी, शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. अठराव्या वर्षी सोलापुरात चनबसप्पा कलशेट्टीच्या घरात आली. सासूचा कडक भाकरीचा धंदा होता. पहाटे तवे चढायचे, दुपारपर्यंत कागदासारख्या पातळ ज्वारीच्या भाकऱ्यांची चळत व्हायची, आणि गिऱ्हाईक आलं की रद्दीच्या कागदात बांधून द्यायची. बांधायचं काम सुनेचं. एकदा त्या रद्दीत एक पुस्तक आलं. वरचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलेलं, पण पहिल्या पानावर जाड टायपात दोनच अक्षरं. बसव्वानं नवऱ्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "खून. म्हंजे कोले." कानडीत कोले म्हणजे खूनच. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि लगेच दुसरा प्रश्न आला, कुणी केला?

झालं. गिऱ्हाइकांशी बोलून मराठी कानाला सवयीची, आवाज ओळखीचे, नुसती अक्षरं निराळी. रोज जेवणं झाली की नवऱ्याला शेजारी बसवून तिनं दोन महिन्यांत मराठी अक्षरं गिळली. अडखळत, बोट फिरवत, घाम पुसत पुस्तक संपत आणलं. शेवटी बंगल्यातली सगळी माणसं एका खोलीत जमतात, इन्स्पेक्टर उठून उभा राहतो, बोट वर करतो, आणि पान संपतं. पुढची पानंच नाहीत! बसव्वानं कपाळावर हात मारून घेतला. कारण ती पानं कुठं गेली हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुस्तक आलं त्याच सकाळी तिनंच ती फाडून एका गिऱ्हाइकाला त्यात सहा भाकऱ्या बांधून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती त्या गिऱ्हाइकाच्या दारात उभी. "दोन महिन्यांमागं भाकरी बांधलेला कागद हाय का हो?" त्या घरची बाई आधी घाबरली, भाकरीत काही निघालं की काय म्हणून. मग सगळं कळल्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. कागद कचऱ्यात गेला होता. बसव्वा तोंड पाडून घरी आली, दोन दिवस धड जेवली नाही. चनबसप्पा भला माणूस. त्यानं तिला गल्लीतल्या वाचनालयात नेलं, तिच्या नावाचं कार्ड काढलं आणि म्हणाला, "घे, हितं शोध. पन माज्या भाकरीवर राग काढू नको." ते पुस्तक तिला तिथं कधीच मिळालं नाही. पण तिसरं कपाट मिळालं.

तिसरं कपाट म्हणजे वाचनालयाच्या मागच्या भिंतीला, पंख्याचा वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात उभं असलेलं लोखंडी कपाट. वरचे दोन कप्पे खुनाचे, खालचे दोन रडण्याचे. वर मुडदे, गुप्त दरवाजे, विषाचे पेले; खाली सावत्र आया, ताटातुटी, न पोचलेली पत्रं. पुढच्या कपाटांत थोरामोठ्यांची चरित्रं आणि विचारांचे जाडजूड ग्रंथ काचेआड आरामात बसलेले असायचे, त्यांना कुणी हात लावत नसे. तिसऱ्या कपाटाचं दार मात्र उघडझाप करून बिजागरीतून निसटलेलं. चाळीस वर्षांत बसव्वानं ते कपाट तीनदा वाचून काढलं. कुणी विचारलं, त्यातून काय मिळतं गं, तर ती तोंडावर म्हणायची, "तुमी जेवताना इचारता का, यातनं काय मिळतं? ग्वाड लागतं म्हनून खाता न्हवं?"

नवरा गेला, सासू गेली, धंदा तिच्या अंगावर आला. आता शेडमध्ये दहा बायका आहेत. दुपारी तवे उतरतात, पातळ भाकऱ्या चुलीतल्या निखाऱ्यांच्या आराच्या कडेनं कडक व्हायला लावून ठेवायच्या, मधूनमधून फिरवायच्या आणि मग बांधायला घ्यायच्या. त्या मधल्या तासाभरात हाताला फार काम नसतं. त्या वेळी बसव्वा चष्मा चढवते आणि मोठ्यानं वाचते. हा शेडचा रिवाजच झाला. मोहोळकडची मथुराबाई आहे, तिला अक्षर म्हणजे मुंगी. पण ती पहिल्या दहा पानांत खुनी ओळखते आणि ओरडून सांगते, आणि बाकीच्या नऊजणी तिच्यावर तुटून पडतात. एकदा असाच मारेकरी पलंगाखाली लपलेला असताना कुणाचंच आराकडं लक्ष राहिलं नाही, आणि अठ्ठावीस भाकऱ्यांचा कोळसा झाला. बसव्वानं वास आल्यावर वर पाहिलं, म्हणाली, "जळू दे, आता जळल्याच हायत," आणि प्रकरण संपवूनच उठली.

घरी मात्र कुरकुर होती. मुलगा संगप्पा चांगला कमावता, स्वभावानं गरीब, पण लोक काय म्हणतील याचा धाक फार. "अव्वा, या वयात पोथी वाचावी," तो म्हणायचा. ती म्हणायची, "वाचते की श्रावणात. पन पोथीत कोन मरनार ते आदीच ठावं असतंय रे."

आता एक खुणेची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या कपाटातल्या पुस्तकांची नावं म्हणजे एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. रक्त, रात्र, सावली, पाश. नावावरून वाचलंय की नाही ते कळायचंच नाही. म्हणून जुने वाचक आपापल्या ठरलेल्या पानावर खूण करून ठेवायचे. बसव्वाची खूण एकेचाळिसाव्या पानावर, पेन्सिलीनं एक लहान गोल. भाकरी. कुणाची चांदणी, कुणाचं नुसतंच 'राम'. आणि सतराव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, लाल शाईच्या दोन बारीक आडव्या रेघा आणि त्यांवर एक टिंब.

ही लाल खूण तिसऱ्या कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात होती. वरच्या कप्प्यात होती, खालच्याही कप्प्यात होती. बसव्वानं त्याचं नाव ठेवलं होतं, लाल टिंबवाला. कोण की, कुठला की. कधी तो तिच्या आधी वाचून गेलेला असायचा, कधी दुसऱ्यांदा पुस्तक आणलं की त्याची खूण नवी उमटलेली दिसायची. नवरा गेल्यानंतरच्या वर्षांत तर पुस्तक हातात आलं की ती आधी सतरावं पान उघडायची. खूण दिसली की बरं वाटायचं. या गावात आपल्यासारखंच कुणीतरी आहे, आपण जिथं श्वास धरला तिथं त्यानंही धरला असेल, आपण रडलो तिथं तोही रडला असेल. तोंड न बघता जमलेली दोस्तीच होती ती, आणि तिच्या मनात ती पक्की होती.

एका पुस्तकानं मात्र सगळ्या शेडचा जीव टांगून ठेवला होता. 'वत्सलेचा रिकामा पाट'. वत्सला नावाची बाई पोटच्या तान्ह्या पोराला दिराच्या घरी ठेवून परागंदा होते आणि वीस वर्षांनी परत त्या घराच्या दारात येऊन उभी राहते. इथंच पुस्तक संपतं, कारण शेवटची चार पानं गळालेली. बसव्वाच्या हातात आलं तेव्हाच नव्हती. तिनं रद्दीवाले पालथे घातले, स्टँडवरच्या पुस्तकवाल्याला विचारलं, संगप्पानं मोबाईलवर शोधलं, कुठं नावसुद्धा नाही. मथुराबाई म्हणायची, ती उंबऱ्यावरच मरते. दुसरी म्हणायची, पोरगा हाकलून देतो. गेली वीस वर्षं या शेडमध्ये वत्सलेवरून भांडणं चालली आहेत.

आणि या वैशाखात वाचनालयाच्या फळ्यावर नोटीस लागली.

महिपती सर म्हणजे शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. सहा महिन्यांपूर्वी ते वाचनालयाचे कार्यवाह झाले. आल्याबरोबर त्यांनी पंखे दुरुस्त केले, नळाला पाणी आणलं. खोटं कशाला बोला, माणूस कामाचा. आता त्यांना मागच्या भागात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची होती. म्हणून तिसऱ्या कपाटातली 'जीर्ण, अपूर्ण व अभिरुचिहीन' पुस्तकं निर्लेखित करायची, म्हणजे नोंदवहीतून नाव काढून रद्दीत घालायची, असा ठराव रविवारच्या सभेत येणार होता.

बसव्वा पुस्तक बदलायला गेली तेव्हा ग्रंथपाल सिद्धेश्वरीनं तिला नोटीस दाखवली. पोरगी तिशीची, बसव्वाला काकू म्हणायची. बसव्वानं नोटीस वाचली. पुन्हा वाचली. 'अभिरुचिहीन' म्हणजे काय ते विचारलं आणि कळल्यावर "असं व्हय" एवढंच म्हणाली. मग तिची नजर कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर गेली. लाल शाईच्या दोन आडव्या रेघा. वर टिंब.

"हे कुनी केलं गं?"

"ते होय? सरांची सवय आहे. जो कागद वाचून झाला त्याच्या कोपऱ्यात तसं करतात. शाळेत होते तेव्हापासूनचं म्हणे."

बसव्वानं नोटीस फळ्यावरून काढून घेतली. ती तडक तिसऱ्या कपाटाशी गेली, हाताला येईल ते पुस्तक काढलं, सतरावं पान उघडलं. मग दुसरं. मग तिसरं. नोटिशीचा कागद शेजारी धरून बघितला. रेघ तीच, टिंब तेच, शाईसुद्धा तीच. तिला आधी वाटलं आनंद व्हावा, की सापडला एकदाचा. पण छातीत आग पेटली होती. ज्याला आपलं माणूस समजत होतो तोच आपल्या घराला काडी लावायला निघालाय!

"सरांच्या नावावर कुठलं पुस्तक गेलंय बघ," ती सिद्धेश्वरीला म्हणाली.

सरांच्या नावावर चरित्रं होती, भाषणांचे संग्रह होते. सिद्धेश्वरीनं जुन्या नोंदवह्या काढल्या तेव्हा घोळ कळला. सरांच्या बायकोच्या, कस्तुराबाईच्या नावानं वेगळं कार्ड होतं. एकतीस वर्षं, दर शनिवारी, शाळेचा शिपाई कापडी पिशवीतून दोन पुस्तकं न्यायचा आणि दोन आणायचा. सगळी तिसऱ्या कपाटातली. तीन वर्षांपूर्वी कस्तुराबाई वारल्या आणि नोंद तिथंच थांबली.

सिद्धेश्वरी म्हणाली, "काकू, म्हणजे त्या वाचायच्या की. सर नव्हे."

बसव्वानं नोंदवही मिटली. कस्तुराबाई तिला चांगली ठाऊक होती. भाकरी न्यायला यायची आणि दुपारच्या वेळेला मुद्दाम यायची, एका पोत्यावर बसायची आणि वाचून होईपर्यंत उठायची नाही. तिला सहीच्या जागी अंगठा करताना बसव्वानं रेशनच्या दुकानात आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. घरी जाताना बसव्वा वाटभर हिशोब जुळवत राहिली. बायको गेली आणि या माणसाची वाचायची सोयच गेली. स्वतःच्या नावानं मागायची लाज. तीन वर्षं उपाशी आहे हा. आणि उपाशी माणसानं काय करावं, तर दुसऱ्यांच्या ताटात माती कालवावी?

शनिवारी सिद्धेश्वरी शेडमध्ये आली, सभेत द्यायचा अर्ज लिहून घेऊन. बिचारीनं मन लावून लिहिला होता. "सदर पुस्तकांमधून वाचकांस नीतीची शिकवण मिळते, गुन्हेगारीचे दुष्परिणाम कळतात, तसेच कौटुंबिक मूल्यांची जोपासना..."

"थांब," बसव्वा म्हणाली. "कुनाला मिळाली शिकवन? मथुराबाई, तुला मिळाली?"

"मला न्हाय बा," मथुराबाई म्हणाली.

"काकू, असं लिहावं लागतं. नाहीतर कुणी ऐकत नाही."

"मग नगं ऐकू दे. चाळीस वर्सं मी उजळ माथ्यानं वाचलं, आता सुटायसाठी खोटं लिवू? लिही, आमाला मजा येते म्हनून आमी वाचतो, आनि आमाला ही पुस्तकं पायजेत. बास. खाली सगळ्यांच्या सह्या."

अर्ज दोन ओळींचा झाला. दहा बायकांनी सह्या केल्या, मथुराबाईनं अंगठा दिला. मग बसव्वानं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सभेत काय करायचं ते सांगितलं. खुनी कसा पकडतात हे जिनं चाळीस वर्षं वाचलं तिला तेवढं येणारच की. एका पुस्तकाचा शेवट ती मुद्दाम चुकीचा सांगणार होती. दुसऱ्याचा, म्हणजे वत्सलेचा, खरा शेवट तिला ठाऊकच नव्हता, पण लाल टिंब त्यातही होतं. तिथं मथुराबाईचा शेवट ठोकून द्यायचा. "मी काय बी सांगितलं तरी तोंड उघडायचं न्हाय. जी बोलंल तिला मी आठवडाभर वाचून दाखवनार न्हाय." ही धमकी शेडमध्ये फाशीच्या खालोखाल होती.

रविवारी अकरा वाजता ऊन बेचाळिसाच्या घरात. समितीची पाच माणसं टेबलापलीकडं, अलीकडं नेहमी मोकळ्या असणाऱ्या खुर्च्यांवर अकरा बायका, कुणाच्या मनगटाला अजून पीठ. संगप्पा दाराशी उभा राहून घाम पुसत होता. महिपती सरांनी अर्ज वाचला, त्यांचा हात सवयीनं लाल पेनाकडं गेला, कोपऱ्यात दोन रेघा, एक टिंब. बसव्वानं ते डोळे भरून पाहून घेतलं.

"बसव्वाबाई," सर सावकाश म्हणाले, "वाचनाला आमचा विरोध नाही. पण वाचनानं माणूस घडला पाहिजे. या पुस्तकांनी तुम्हाला काय दिलं?"

"मजा."

कुणीतरी हसलं. सरही थोडे हसले. "तेवढंच?"

"तेवढंच म्हंजे?" बसव्वा उठून उभी राहिली. "पाच वाजता मी तव्याम्होरं बसते सर. दुपारपतूर हाताची चामडी भाजती. मग एक तास मी या गल्लीत नसते. कुठल्यातरी हवेलीत असते, मागनं मारेकरी येत असतो, आनि मी पळत असते. तो तास माजा हाय. माजा मालक गेला तवा पंधरा दिवस डोळ्यांतनं टिप्पूस आलं न्हवतं. लोक म्हनले, बाई दगडाची हाय. मग या कपाटातली एक पोरगी स्टेशनावर बापाची वाट बघत बसली, आनि मी अशी रडले, अशी रडले की पदर पिळून वाळत घातला. आनि ही शिकवन हाय म्हनून लिवू नका. रडायला बी मजाच आली मला."

आता कुणी हसलं नाही. सरांनी कागद सरळ केले.

"भावना समजतात. पण नियम आहे. त्रेचाळीस प्रतींना शेवटची पानं नाहीत. अपूर्ण प्रत ठेवता येत नाही."

"पुऱ्या करून देतो की. पानं गळायच्या आदी वाचल्यात, शेवट आमाला तोंडपाठ हायत. लिवून चिकटवतो."

"ऐकीव गोष्टींनी पुस्तक पूर्ण होत नसतं, बाई."

"ऐकून तर बगा." तिनं पिशवीतून 'सातव्या जिन्यावरचं रक्त' काढलं. "हे बगा. सावकाराच्या पोरीचा मुडदा सातव्या जिन्यावर पडलेला. समदे जमलेत. इन्स्पेक्टर म्हनतो, खुनी याच खोलीत हाय. म्होरं पान न्हाय. तर खुनी हाय माळी."

मथुराबाईच्या घशातून कसला तरी आवाज आला. बसव्वानं तिच्या पायावर पाय दिला. सरांचं पेन टेबलावर टकटक वाजायला लागलं. खुनी माळी नव्हता, डावखुरा डॉक्टर होता. माळ्याचा तर एक हात लुळा. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, चष्मा काढून पुसला.

"माळी," ते म्हणाले. "बरं."

"व्हय. माळीच. लुळ्या हातानं गळा दाबला त्यानं."

सरांच्या मानेची शीर उडत होती, पण माणूस चिवट, बोलला नाही. बसव्वानं ते पुस्तक बाजूला ठेवलं आणि दुसरं काढलं.

"हे 'वत्सलेचा रिकामा पाट'. वीस वर्सांनी वत्सला परत येते. घराचं दार उघडं. आत पोरगा जेवायला बसलाय. ती उंबऱ्यापाशी उबी राहते. तर तितंच ती..." बसव्वानं मथुराबाईकडं एकदा बघितलं. "तितंच ती पडते आनि मरते. पोरगा उठून बगतो, वळकत न्हाय. कोन भिकारीन मेली म्हनतो, आनि गाडी बोलावतो."

"नाही!"

टेबलावरचा पाण्याचा पेला कलंडला. सर उभे राहिले होते. चेहरा लालबुंद.

"नाही, नाही, काय बोलताय तुम्ही! वत्सला मरत नाही. कोण म्हणतं मरते? ती दारात उभी असते. तिला आत यायचा धीर होत नाही. पोरगा जेवत असतो, त्याच्या शेजारी एक पाट मांडलेला असतो, रिकामा. चुलतीनं त्याला लहानपणी सांगितलेलं असतं, तुझी आई येणार आहे, म्हणून तो रोज मांडत असतो. कळायला लागल्यापासून. तो वर बघतसुद्धा नाही. त्याला नुसती सावली दिसते उंबऱ्यावर. आणि तो म्हणतो..." सरांचा आवाज फुटला. "तो म्हणतो, 'आई, भात निवतोय.' एवढंच म्हणतो. 'आई, भात निवतोय.'"

मथुराबाईनं पदर तोंडात कोंबला होता. बसव्वा पुस्तक छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. वीस वर्षांची भांडणं संपली होती. कुणाचाच शेवट खरा नव्हता.

सरांना आपण काय करून बसलो ते कळलं. ते हळूच खाली बसले. "म्हणजे... मी वाचलं नाही. आमच्या घरात कस्तुरा वाचायची. पडलेलं असायचं. सहज नजर गेली असेल."

बसव्वानं ठरवलं होतं तसं आता सतरावं पान उघडून सगळ्यांपुढं धरायचं होतं. नोंदवहीचाही दाखला पिशवीत होता. पण तिचा हात पिशवीत गेला नाही.

"कस्तुराबाईला अक्षर येत न्हवतं, सर," ती म्हणाली.

सरांनी कलंडलेला पेला उभा केला.

"आमच्या शेडात येऊन पोत्यावर बसायची ती. मी इचारलं, तुमच्या घरात मास्तर हायत, हितं कशाला येता? तर म्हनली, घरात पुस्तकं लई येत्यात, पन माज्या वाट्याला नुसता पान उलटल्याचा आवाज येतो. या वत्सलेसाठी तर ती चार येळा आली. म्होरं काय झालं, बसव्वा, म्होरं काय झालं? मला तरी कुटं ठावं होतं? शेवटी दवाखान्यात भेटायला गेले, तवाबी तिनं हेच इचारलं. तुमी भाईर बाकड्यावर बसला हुता."

सर टेबलावर सांडलेलं पाणी तळहातानं पुसत होते, पुसलेलं पुन्हा पुसत होते. अध्यक्षांनी विचारलं, "सर, ठरावाचं काय करायचं?"

"राहू दे तो." सरांनी चष्मा घातला, काढला, परत घातला. "सिद्धेश्वरी, कोरे कागद आण. आणि त्या त्रेचाळीस प्रती इकडं आण."

कागद आले. सरांनी लाल पेन खिशात ठेवलं, निळं काढलं आणि 'वत्सलेचा रिकामा पाट' पुढं ओढलं. दोन ओळी त्यांनी लिहिल्या, खाली मान घालून, गुपचूप.

बसव्वानं खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि समोर बसली. मागं दहा खुर्च्या सरकल्या.

"असं न्हाय सर," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हनत लिवा."

सरांनी एकदा घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली, मोठ्यानं.